थायरॉईडची गोळी नीट कशी घ्यायची, रिपोर्ट कसा बघायचा आणि अ‍ॅड्रिनलची आठवण कधी ठेवायची

माझी थायरॉईडची गोळी सुरू होऊन १३ वर्षं झाली आणि त्यातली पहिली दोन वर्षं मी ती सकाळच्या दुधाच्या चहासोबत घेत होते, कारण उपाशीपोटी घ्या एवढंच सांगितलं होतं आणि आमच्या घरात चहा म्हणजे काही खाणं नव्हे. रक्ताच्या रिपोर्टमधलं टीएसएच (ते काय ते खाली सांगते) खाली यायचं नावच घेत नव्हतं, ५० चा डोस ७५ झाला, ७५ चा १०० झाला. मग एका डॉक्टर मॅडमनी विचारलं, गोळीनंतर किती वेळाने काय पिता? चहा तासभर पुढे ढकलला, तर दोन महिन्यांत टीएसएच इतकं उतरलं की डोस परत ७५ वर आणावा लागला. इतकी साधी गोष्ट दोन वर्षं कोणी विचारलीच नव्हती.

लिहायचं दुसरं कारण माझी मावशी. तिला थायरॉईड म्हणून गोळी चालू केली आणि दहा दिवसांत ती आयसीयूमध्ये पोचली, कारण खरा बिघाड गळ्यात नव्हताच, किडनीच्या डोक्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत होता. ते खाली सविस्तर सांगते. मी डॉक्टर नाही, डोस डॉक्टरनीच ठरवायचा, पण घरी काय पाळायचं आणि डॉक्टरला काय विचारायचं ते पेशंटलाच माहीत असावं लागतं.

आधी थोडक्यात, ही ग्रंथी करते काय. थायरॉईड गळ्यात कंठाच्या खाली असते, फुलपाखरासारखी, वजन जेमतेम १५ ते २० ग्रॅम. ती आयोडीन वापरून मुख्यतः टी४ बनवते, थोडं टी३ बनवते, आणि शरीर लागेल तसं टी४ चं टी३ करून घेतं, खरं काम टी३ करतं. हृदयाचे ठोके, पोट साफ होणं, अंगातली ऊब, पाळी, केस, मूड, सगळीकडे त्याचा हात असतो. आणि टीएसएच हे थायरॉईडचं हार्मोन नाही, ते मेंदूच्या खालच्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं. पिट्युटरीला मुकादम समजा. कामगार काम कमी करायला लागला की मुकादम ओरडतो, म्हणून थायरॉईड मंदावलं की टीएसएच वाढतं, आणि थायरॉईड जास्त पळायला लागलं की मुकादम गप्प बसतो, टीएसएच एकदम कमी होतं. हे उलटं गणित डोक्यात बसलं की अर्धा रिपोर्ट कळतो. टीएसएच वाढलंय म्हणजे थायरॉईड वाढलंय असं समजून घाबरणारे खूप लोक मी बघितलेत, ते बरोबर उलटं असतं.

गोळी घ्यायची कशी

उठल्यावर साध्या पाण्यासोबत घ्यायची, आणि त्यानंतर निदान अर्धा तास, जमलं तर एक तास काहीच नाही, चहा नाही, कॉफी नाही, दूध नाही, भिजवलेले बदाम नाहीत, लिंबूपाणी-मध पण नाही. कॅल्शियमची आणि लोहाची गोळी असेल तर मध्ये ४ तासांचं अंतर, ही चूक बाळंतिणी आणि चाळिशीनंतरच्या बायका सर्रास करतात, कारण सगळ्या गोळ्या एका डबीत असतात आणि एका घोटात जातात. लोह आणि कॅल्शियम आतड्यात थायरॉक्सिनला, म्हणजे या गोळीतल्या टी४ ला, धरून ठेवतात, मग ते रक्तात जातच नाही. अ‍ॅसिडिटीची पातळ औषधं पण तसंच करतात. रोज पॅन्टोप्राझोल घेत असाल तर ते डॉक्टरला सांगा, पोटातलं अ‍ॅसिड कमी झालं की ही गोळी नीट शोषली जात नाही आणि डोस वाढवावा लागू शकतो.

ज्यांना सकाळी पाचची गाडी पकडायची असते किंवा उठल्या उठल्या डबे करायचे असतात त्यांनी रात्री झोपताना घेतली तरी चालते, फक्त जेवून ३ तास झालेले पाहिजेत आणि रोज तीच वेळ पाहिजे. सकाळ-रात्र असं अदलून बदलून नको.

बाटलीचं झाकण घट्ट लावायचं आणि आतली पांढरी पुडी टाकून द्यायची नाही, या गोळ्यांना ओल, ऊन आणि उष्णता सोसत नाही, कोकणातल्या पावसाळ्यात तर नाहीच नाही. गॅसच्या वरच्या फळीवर बाटली ठेवायची सवय असेल तर ती मोडा. ब्रँड शक्यतो एकच ठेवा आणि बदलला तर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच करून बघा. मेडिकलमधून आणल्यावर बाटलीवरचा आकडा वाचल्याशिवाय ती उघडायची नाही, १२.५ आणि १२५ मध्ये फक्त एका टिंबाचा फरक असतो आणि डोस दहापट होतो. आणि हे आकडे मायक्रोग्रॅममध्ये असतात, म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग, इतकं नाजूक औषध आहे हे.

एखाद्या दिवशी विसरलात तर घाबरू नका. रक्तातलं थायरॉक्सिन अर्ध्यावर यायला साधारण ७ दिवस लागतात, त्यामुळे एका दिवसाने आभाळ कोसळत नाही, पण त्याच कारणाने डोस बदलला की पंधरा दिवसांत टेस्ट करण्यात काही अर्थ नसतो, ६ ते ८ आठवडे थांबायचं. मला फरक जाणवायलाच महिना लागला होता, आधी बद्धकोष्ठता गेली, मग पायांची सूज, केस गळायचे सगळ्यात शेवटी थांबले, त्याला चार-पाच महिने गेले. तेवढा धीर धरा.

आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करू नका!! तो नॉर्मल गोळीमुळे आलेला असतो, चष्मा लावल्यावर नीट दिसतं म्हणून चष्मा टाकून देत नाही ना आपण. बहुतेक मोठ्यांच्या हायपोथायरॉईडचं, म्हणजे थायरॉईड कमी पडण्याचं, कारण हाशिमोटो असतं, हाकारू हाशिमोटो या जपानी सर्जननी १९१२ मध्ये वर्णन केलेला आजार, यात आपलीच प्रतिकारशक्ती ग्रंथीला हळूहळू पोखरते आणि पोखरलेला भाग सहसा परत येत नाही. बाळंतपणानंतर काही जणींना तात्पुरता थायरॉईडचा त्रास होतो, त्यांची गोळी पुढे सुटू शकते, पण ते डॉक्टर टेस्ट करून ठरवतील.

रिपोर्ट बघताना

बऱ्याच लॅबची टीएसएचची रेंज साधारण ०.४ ते ४ च्या आसपास असते, पण तुमच्या कागदावर छापलेली रेंजच धरायची. टीएसएच दिवसभरात बदलतं, पहाटे जास्त आणि दुपारी कमी, त्यामुळे एकदा सकाळी सातला आणि एकदा दुपारी दोनला रक्त देऊन तुलना करण्यात काही हशील नाही. दर वेळी सकाळी, त्याच लॅबमध्ये, त्या दिवशीची गोळी घ्यायच्या आधी रक्त द्या आणि गोळी सोबत पर्समध्ये न्या.

एक गोष्ट मात्र फार कमी जणांना माहीत असते. केस गळतात म्हणून आपण बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतो, आणि बऱ्याच लॅबच्या टेस्टच्या पद्धतीतच बायोटिन वापरलेलं असतं, त्यामुळे रक्तात बायोटिन जास्त असलं की टीएसएच खोटं कमी आणि टी४ खोटं जास्त दिसू शकतं. म्हणजे थायरॉईड कमी असलेल्या बाईचा रिपोर्ट जास्त थायरॉईडचा येतो आणि डोस कमी केला जातो. टेस्टच्या आधी निदान २-३ दिवस बायोटिन बंद ठेवा, केसांच्या, नखांच्या आणि मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्यांचं लेबलही वाचा, त्यात ते बऱ्याचदा असतं.

टीएसएच थोडं जास्त आणि फ्री टी४ (रक्तातलं मोकळं, वापरता येणारं टी४) नॉर्मल असं आलं तर लगेच जन्मभराची गोळी सुरू करायची घाई करू नका, बऱ्याचदा डॉक्टर २-३ महिन्यांनी परत टेस्ट करायला सांगतात आणि अँटी टीपीओ, म्हणजे थायरॉईडवर उलटलेल्या अँटिबॉडी, बघतात. टीएसएच १० च्या वर असेल तर बहुतेक वेळा गोळी देतातच. गर्भार असलेल्या किंवा मूल हवं असलेल्या बाईचं गणित वेगळं, तिथे थांबत नाहीत. आधीपासून गोळी चालू असेल आणि दिवस राहिले तर तपासणीची तारीख यायची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरला फोन करा, या काळात डोस साधारण पाव ते एक तृतीयांश वाढवावा लागतो आणि पहिल्या तीन महिन्यांत बाळ आईच्याच हार्मोनवर असतं. बाळ झालं की त्याच्या टाचेच्या रक्ताची थायरॉईड टेस्ट झाली का हे आवर्जून विचारा. जन्मतः थायरॉईड नसलेलं बाळ दिसायला अगदी ठीक असतं, पण पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं तर त्याची बुद्धी वाचते, उशीर झाला तर झालेलं नुकसान भरून येत नाही.

आता नुसतं टीएसएच कुठे फसवतं ते सांगते. बाळंतपणात खूप रक्त गेलं, नंतर अंगावर दूधच आलं नाही, पाळी परत सुरूच झाली नाही, आणि मग वर्षानुवर्षं थकवा, थंडी, काखेतले केस जाणं... अशी बाई तुमच्या ओळखीत असेल तर हे तिला दाखवा. रक्तस्रावात पिट्युटरीचा रक्तपुरवठा तुटून ती ग्रंथीच मरू शकते, शीहान सिंड्रोम म्हणतात त्याला. इथे मुकादमच नाही, मग ओरडणार कोण? टीएसएच नॉर्मल किंवा कमी येतं, सगळे म्हणतात थायरॉईड नाही तुला, आणि फ्री टी४ खाली पडलेलं असतं. अशा बाईने टीएसएच सोबत फ्री टी४ आणि सकाळचं कॉर्टिसोल (अ‍ॅड्रिनलचं हार्मोन) दोन्ही करायलाच हवं, कारण पिट्युटरी अ‍ॅड्रिनलची पण मुकादम असते.

थायरॉईड जास्त असेल तर वेगळी गोष्ट. खाऊनपिऊन वजन उतरणं, छातीत धडधड, हात थरथरणं, घाम, डोळे मोठे दिसणं, चिडचिड. ग्रेव्हज हे त्याचं मोठं कारण, यात आपलीच प्रतिकारशक्ती ग्रंथीला जास्त पळवते. कार्बिमाझोलची गोळी देतात, आणि ती घेणाऱ्याने एकच गोष्ट पाठ करायची, ताप आला किंवा घसा दुखायला लागला तर गोळी थांबवून त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करायचं आणि डॉक्टरला दाखवायचं, कारण क्वचित एखाद्याच्या पांढऱ्या पेशी एकदम खाली जातात. रेडिओआयोडीनची, म्हणजे किरणोत्सारी आयोडीन देऊन जास्त पळणारी ग्रंथी शांत करायच्या उपचाराची, भीती बाळगू नका, मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून थायरॉईडसाठी हे काम करतंय, फक्त त्यानंतर बाईने निदान ६ महिने दिवस राहू द्यायचे नाहीत आणि गर्भारपणात हा उपचार करायचाच नाही.

खाण्याबद्दल फार लिहीत नाही. शिजवलेला कोबी-फ्लॉवर खुशाल खा. आयोडीनयुक्त मीठ वापरा, आपल्याकडे गलगंड आटोक्यात आणायचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला तो त्यासाठीच, आणि मोठ्या माणसाला रोज लागतं फक्त १५० मायक्रोग्रॅम, गर्भारपणात २५०. उपासाला सैंधव ठीक आहे, पण बारा महिने फक्त सैंधव खायचं फॅड आलंय, त्यात पुरेसं आयोडीन नसतं. थायरॉईड आहे म्हणून वरून आयोडीनच्या किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्या घेणं मात्र घातक, जास्त आयोडीननेही ग्रंथी बिघडते.

मावशीची गोष्ट आणि अ‍ॅड्रिनल

मावशी साठीची, तालुक्याच्या गावी राहणारी, शेतात राबणारी. वर्षभरात ८ किलो वजन गेलं, उठून उभी राहिली की डोळ्यापुढे अंधारी, तोंडाला चव नाही पण लोणचं आणि मीठ मात्र सारखं हवं. आणि रंग काळवंडत गेला. सगळे म्हणायचे उन्हाने. पण ऊन हिरड्यांना लागत नाही, ऊन तळहाताच्या रेषांत शिरत नाही, आणि पोटावर ऑपरेशनचा जुना व्रण असतो तो साडीखाली उन्हाने काळा पडत नाही. हे आम्हाला कोणालाच तेव्हा कळलं नाही. थकवा म्हणून टेस्ट केली, टीएसएच ९ आलं, ५० ची गोळी सुरू झाली. दहाव्या दिवशी उलट्या, पोटात दुखणं, बीपी ८०, सोडियम ११८, जे १३५ च्या पुढे हवं. तिथल्या एका तरुण डॉक्टरनी तिच्या हिरड्या बघितल्या, रक्त घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन आणि सलाईन चालू केलं. संध्याकाळी ती बोलायला लागली. कॉर्टिसोलचा रिपोर्ट आला, १.८.

दोन्ही अ‍ॅड्रिनल ग्रंथींना टीबी झालेला होता. अ‍ॅडिसनचा आजार हा, थॉमस अ‍ॅडिसन यांनी लंडनमध्ये १८५५ साली लिहून ठेवलेला, तेव्हा टीबी हे मोठं कारण होतं आणि आपल्याकडे ते आजही विसरून चालत नाही. अ‍ॅड्रिनल दोन असतात, प्रत्येक किडनीवर एक टोपीसारखी, वजन ४-५ ग्रॅम. बाहेरच्या थरात कॉर्टिसोल आणि अल्डोस्टेरॉन बनतं, आतल्या गाभ्यात अ‍ॅड्रिनलिन. कॉर्टिसोल म्हणजे आजारपण, उपास, ऑपरेशन यांत शरीर तगवणारं हार्मोन, आणि अल्डोस्टेरॉन शरीरात मीठ धरून ठेवतं, ते नसलं की मीठ लघवीतून निघून जातं, म्हणून मावशीला लोणचं लागत होतं.

मग थायरॉईडच्या गोळीने का बिघडलं? थायरॉक्सिनने शरीराचा वेग वाढतो, कॉर्टिसोलची गरज वाढते आणि आहे तेही लवकर संपतं. टाकीत पाणी तळाला असताना नळ सोडल्यासारखं होतं. म्हणून नियम आहे, दोन्ही कमी असतील तर आधी स्टेरॉईड, नंतर थायरॉईडची गोळी. आणि कॉर्टिसोल कमी असताना टीएसएच तसंही थोडं वाढलेलं दिसतं, मावशीचं स्टेरॉईड सुरू झाल्यावर आपोआप नॉर्मलला आलं, तिला थायरॉईडची गोळी लागलीच नाही. काही जणांना मात्र खरंच दोन्ही असतं, अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांना अ‍ॅडिसन आणि थायरॉईडची कमतरता दोन्ही होतं.

तर थायरॉईडची गोळी सुरू करण्याआधी, किंवा सुरू केल्यावर बरं वाटायच्या ऐवजी जास्तच गळून जायला झालं तर, स्वतःला हे विचारा. वजन वाढायच्या ऐवजी उतरतंय का, उभं राहिल्यावर चक्कर येते का, मीठ खावंसं वाटतं का, हिरड्या आणि तळहाताच्या रेषा काळ्या पडल्यात का, सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त आलंय का. हो असेल तर सकाळी ८ च्या सुमाराचं कॉर्टिसोल करून मागा. वेळ महत्त्वाची, कारण ते पहाटे चढतं आणि मध्यरात्री तळाला जातं, दुपारच्या कॉर्टिसोलवरून याचा निर्णय होत नाही. ३ च्या खाली (मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर) आलं तर कमतरता जवळजवळ नक्की, १८ च्या वर असेल तर काळजी नाही, मधलं असेल तर एसीटीएचचं, म्हणजे पिट्युटरी ज्या हार्मोनने अ‍ॅड्रिनलला हुकूम देते त्याचं, इंजेक्शन देऊन परत मोजतात.

औषध साधं आहे, हायड्रोकॉर्टिसोन दिवसाला साधारण १५ ते २५ मिलिग्रॅम दोन-तीन वेळा वाटून, सगळ्यात मोठा भाग उठल्या उठल्या आणि शेवटचा चार-पाचच्या आत, नाहीतर झोप येत नाही, आणि सोबत मीठ टिकवायला फ्लुड्रोकॉर्टिसोन. मावशीच्या टीबीच्या औषधांत रिफाम्पिसिन होतं, ते कॉर्टिसोल भराभर मोडतं, त्यामुळे तेवढे महिने तिला जवळजवळ दुप्पट डोस लागला. टीबीची औषधं चालू असलेल्या प्रत्येकाने हे डॉक्टरला विचारावं, थायरॉक्सिनची गरजसुद्धा त्याने वाढते.

गोळ्यांपेक्षा अवघड आहे ते आजारपणाचे नियम लक्षात ठेवणं. निरोगी माणसाचं शरीर तापात आपणहून जास्त कॉर्टिसोल सोडतं, या पेशंटचं सोडू शकत नाही, म्हणून आपण द्यायचं. ताप १००.४ च्या वर गेला की डोस दुप्पट, १०२ च्या वर तिप्पट, ताप उतरल्यावर एक-दोन दिवसांत परत नेहमीचा. गोळी घेऊन अर्ध्या तासात उलटी झाली तर परत गोळी, परत उलटी झाली तर हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन कमरेत किंवा मांडीत, आणि सरळ हॉस्पिटल, बघू सकाळी असं करायचं नाही. दात काढायचा असो की ऑपरेशन, आधी सांगायचं. निर्जळी उपास बंद, मावशीला हे पटवायला आम्हाला वर्ष लागलं, आता ती एकादशीला ताक आणि मीठ घालून केलेली भगर खाते आणि गोळ्या वेळेवर घेते.

अ‍ॅडिसन कमी लोकांना होतो, पण अ‍ॅड्रिनल झोपी जाण्याचं दुसरं कारण घराघरात आहे, ते म्हणजे बाहेरून घेतलेलं स्टेरॉईड. सांधेदुखीवर कोणी दिलेली पुडी जी पहिल्याच दिवशी जादू करते, चेहरा उजळायला मेडिकलमधून आणलेली ट्यूब, नायट्यावरची तीन औषधं एकत्र असलेली क्रीम. नावाच्या शेवटी सोन किंवा सोलोन असेल, डेक्सामिथासोन, बीटामिथासोन, प्रेडनिसोलोन, किंवा क्लोबेटासोल, डिफ्लाझाकॉर्ट असेल, तर ते स्टेरॉईड. महिनोन्महिने घेतलं की चेहरा चंद्रासारखा गोल होतो, पोट सुटतं आणि हातपाय बारीक राहतात, पोटावर जांभळे रुंद पट्टे येतात, खालून उठताना मांड्यांत जोर राहत नाही, साखर आणि बीपी वाढतं. कुशिंग म्हणतात याला. बाहेरून मिळतंय म्हटल्यावर स्वतःची ग्रंथी काम सोडून देते. हे वाचून ती पुडी उद्याच फेकून दिली असं मात्र अजिबात करू नका, ३-४ आठवड्यांपेक्षा जास्त घेतलेलं स्टेरॉईड एकदम थांबवलं तर मावशीसारखीच गत होते. पुडी किंवा ट्यूब सोबत घेऊन डॉक्टरकडे जा, ते हळूहळू कमी करतील. दमा, संधिवात, किडनीसाठी डॉक्टरनी दिलेलं स्टेरॉईडही मनाने बंद करू नका.

बीपीचं थोडक्यात. तिशीत बीपी, तीन-तीन गोळ्यांना दाद देत नाही आणि पोटॅशियम कमी, तर अल्डोस्टेरॉन-रेनिनची टेस्ट विचारा (रेनिन किडनीतून येतं). मधेच झटका आल्यासारखी डोकेदुखी, घाम आणि धडधड एकत्र, त्या वेळी बीपी खूप वर, तर मेटानेफ्रिनची (अ‍ॅड्रिनलिन मोडून जे बनतं त्याची) टेस्ट, अ‍ॅड्रिनलच्या गाभ्यातली गाठ असू शकते. या दोन्हीत कारण सापडलं तर काही जणांची बीपीची गोळी सुटते.

आणि अ‍ॅड्रिनल थकलंय म्हणून लाळेची टेस्ट आणि महागडे पावडरचे डबे विकणाऱ्यांकडे जाऊ नका, असा आजार एंडोक्रिनॉलॉजीत, म्हणजे हार्मोनच्या शास्त्रात, मानत नाहीत, आणि त्यातल्या काही डब्यांत खरंच स्टेरॉईड किंवा थायरॉईड हार्मोन मिसळलेलं सापडलंय.

ज्यांच्या घरी अ‍ॅडिसनचा किंवा रोज स्टेरॉईड घेणारा पेशंट आहे त्यांनी आजच एक कार्ड लिहा. मावशीचं असं आहे: "मला अ‍ॅड्रिनलची कमतरता आहे. मी रोज हायड्रोकॉर्टिसोन घेते. मी बेशुद्ध असेन, उलट्या होत असतील किंवा अपघात झाला असेल तर आधी हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम द्या आणि सलाईन लावा, रिपोर्टसाठी थांबू नका." खाली आमचे दोन फोन नंबर आणि चालू डोस पेन्सिलीने, म्हणजे बदलता येतो. सोबत छोट्या पाऊचमध्ये इंजेक्शन, पाण्याची ॲम्प्युल, दोन सिरिंज, आणि एक्स्पायरीची तारीख वर मोठ्या अक्षरात. एक कार्ड तिच्या एसटीच्या पासामागे आहे, एक कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय, आणि शेजारच्या पोराला इंजेक्शन कसं द्यायचं ते आम्ही पाण्याची सिरिंज भरून मोसंब्यावर शिकवलंय.